अतिशय बुद्धिमान माणसं ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेताना आणि नंतर पालकांशी बोलताना फिरून फिरून तेच प्रश्न येतात. फोनवर, शाळेच्या पालकसभेत, कधी भाजी घेताना मंडईतसुद्धा. मोठी माणसं स्वतःबद्दलही विचारतात, जरा आडून. त्या सगळ्यांना जे सांगते ते इथे एकत्र केलं आहे.

अतिशय बुद्धिमान माणसाची एकच खूण सांगायची तर कोणती?

अनोळखी प्रश्न समोर आला की तो माणूस काय करतो, ती. पाठ असलेलं उत्तर कुणीही देईल. जे कधी शिकवलंच नाही त्याला तो कसा भिडतो, हे बघायचं असतं.

चाचणीत रंगीत ठोकळ्यांचा एक भाग असतो. कार्डावरचं चित्र बघून तसंच ठोकळ्यांनी जुळवायचं, ठरलेल्या वेळात. एका चौथीतल्या मुलीला मधलंच एक चित्र वेळेत जमलं नाही. मी कार्ड उलटायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "थांबा ना ताई, कोपऱ्यातला फक्त फिरवायचाय." तिने तो ठोकळा एकदा फिरवला, मान वाकडी करून बघितलं, परत फिरवला आणि चित्र जुळलं. गुण मिळणार नव्हते, आणि ते तिला माहीतही होतं. पुढची तीन चित्रं तिने झरझर केली, कारण अडलेल्या चित्रात तिला युक्ती सापडली होती. चुकीतून लगेच काहीतरी उचलायचं आणि ते पुढच्या ठिकाणी वापरायचं, ही मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते. गुणांच्या रकान्यात ती लिहिता येत नाही, म्हणून टिपणात लिहून ठेवते.

बाकीची लक्षणं कोणती? यादी द्या ना.

यादी देते, पण ती पुष्कळ माणसांची सरासरी आहे, एकट्यादुकट्याची कुंडली नव्हे.

संशोधनात वारंवार दिसलेलं असं: नवीन गोष्ट कमी वेळा सांगून कळते. एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धरून त्यांची उलटापालट करता येते. शब्दसंग्रह मोठा असतो. वरवर संबंध नसलेल्या दोन गोष्टींतलं साम्य पटकन दिसतं. नव्या कल्पना, कला, वेगळे विचार यांची ओढ असते; स्वभावाच्या अभ्यासात या ओढीचा बुद्धीशी मध्यम संबंध सापडतो. तत्काळ विनोद करता येणं आणि भाषिक बुद्धी यांचाही थोडा संबंध आहे.

आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते. ज्याला एखादी गोष्ट सहज जमते, त्याला ती सगळ्यांनाच सहज जमत असणार असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चाचणीत खालच्या गटात आलेल्यांनी स्वतःला फार वर लावलं हे सगळे सांगतात. वरच्या गटातल्यांनी स्वतःचा क्रमांक थोडा खाली लावला, हे फारसं कुणी सांगत नाही. घरात एखादं पोर "यात काय अवघड आहे?" असं खरोखरच न कळून विचारत असेल, तर त्याला उद्धट ठरवायच्या आधी जरा थांबा.

रात्री जागणारे, पसारा करणारे, डावखुरे, शिव्या देणारे हुशार असतात म्हणे?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांमधला हा सगळ्यात लाडका भाग. यातल्या काही गोष्टींवर छोटे अभ्यास झाले आहेत आणि एखाद्यात बारीकसा संबंधही सापडला आहे. पण तो इतका बारीक की एका माणसाबद्दल त्यावरून काही म्हणजे काहीच सांगता येत नाही. टेबलावरचा पसारा हा टेबलावरचा पसारा असतो.

"हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही." असं कसं?

मराठी घरांतलं हे बहुधा सगळ्यात जास्त उच्चारलं जाणारं वाक्य असावं, आणि ते पुष्कळदा खरं असतं. बुद्धी आणि चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटकेपणा, शिस्त, काम तडीस नेण्याची सवय या गुणांचा बुद्ध्यांकाशी संबंध जवळजवळ शून्य निघतो. म्हणजे हुशार आणि कष्टाळू, हुशार आणि आळशी, दोन्ही सारखेच भेटणार.

मात्र एक धोका हुशार मुलांच्या वाट्याला जास्त येतो. चौथी-पाचवीपर्यंत त्यांना काही अवघडच लागत नाही. वर्गात एकदा ऐकलं की झालं. त्यामुळे अडल्यावर काय करायचं हे ती शिकतच नाहीत. आठवी-नववीत, कधी अकरावीला पहिल्यांदा खरा कठीण धडा समोर येतो, आणि मूल घाबरून म्हणतं, "मी हुशार नाहीच." असं मूल समोर बसून रडतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं. लहानपणीच त्याला न जमणारं काहीतरी हवं होतं: तबला, पोहणं, बुद्धिबळ, मोडी लिपी, काहीही. जिथे तो रोज थोडा हरेल आणि तरी उद्या परत जाईल असं ठिकाण.

पुण्यात अशी माणसं होऊन गेली, त्यांच्यात हे गुण दिसतात का?

दिसतात, आणि यादीपेक्षा त्यातून जास्त कळतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ साली तिथे गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं आणि पुढे आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. त्यांनी काय केलं ते आत्ता कागद घेऊन करून बघा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजा करा, ३०८७. आता याचंच पुन्हा: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा केलंत तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ लाच पोचता. त्यांनी ही गोष्ट १९४९ साली मांडली. आज जगभर तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

यात लागलेलं गणित तिसरी-चौथीतलं आहे. ते आपण सगळ्यांनी केलं होतं. "हेच परत परत केलं तर काय होईल?" हे मात्र त्यांनी विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत आकडेमोड सोडली नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचंही तसंच. मूळचे गणितज्ञ, फर्ग्युसनमध्ये शिकवलं, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करत. प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या नाण्यांचा प्रश्न त्यांनी तराजूवर आणला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे वजनावरून ते किती फिरलं हे कळायला हवं. त्यासाठी त्यांनी आधी चलनातली आधुनिक नाणी तोलून झिजेचा हिशोब बसवला आणि मग जुन्या साठ्यांकडे वळले. इतिहासातला प्रश्न, गणिताची पद्धत आणि हाताने करायचं कंटाळवाणं काम, तिन्ही एकाच माणसाकडे.

जयंत नारळीकर शाळकरी मुलांना सही देताना अट घालायचे: पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाला मुलाचा प्रश्न उत्तर लिहिण्याजोगा वाटत होता. बुद्धिमान माणसाचं हे लक्षण मला कुठल्याही बुद्ध्यांकापेक्षा मोलाचं वाटतं.

बुद्ध्यांक किती असला म्हणजे "अतिशय बुद्धिमान"?

आजच्या चाचण्यांत सरासरी १०० धरतात. शंभरातली साधारण ६८ माणसं ८५ ते ११५ च्या मध्ये असतात. १३० च्या वर साधारण दोन टक्के. बहुतेक ठिकाणी "प्रज्ञावान" ही रेघ तिथेच आखतात. १९४६ साली ऑक्सफर्डला सुरू झालेल्या मेन्सा या संस्थेचं सभासदत्वही वरच्या दोन टक्क्यांनाच मिळतं.

आमच्या मुलीचा बुद्ध्यांक १५२ आला. ही फारच मोठी गोष्ट ना?

मुलगी हुशार आहे, त्याचा आनंद जरूर माना. पण आकडा कुठल्या चाचणीतून आला ते आधी विचारा.

आपल्याकडे दोन चाचण्या अजून खूप वापरल्या जातात. एक बिने-कामत. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली केलेल्या चाचणीवर आधारलेल्या कसोटीचं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी १९३० च्या दशकात रूपांतर केलं. तो काळ बघता ते केवढं मोठं काम होतं! दुसरी नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली, सहा ते पंधरा वयासाठी. दोन्हींची तुलनेची मापं जुनी आहेत, म्हणजे आजच्या मुलाची तुलना जुन्या पिढीतल्या मुलांशी होते. विसाव्या शतकात जगभर पिढी दर पिढी चाचण्यांतले गुण वाढत गेले, दर दशकाला सुमारे तीन. जुन्या मापाने आजचं मूल मोजलं की आकडा फुगतो. शिवाय बिने-कामतमध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणतात, आणि लहान वयात या हिशोबाने आकडे सहज वर जातात. त्यामुळे १५२ या आकड्याला चिकटून बसू नका. अहवालात कुठल्या भागात मूल चमकलं आणि कुठे अडखळलं, ते वाचा. उपयोगाचं तेच असतं.

चाचणी कोणत्या वयात करावी, आणि कोणत्या भाषेत?

पाचच्या आत नको, निकाल फार डळमळीत असतो. सात-आठनंतर बरा स्थिरावतो. मूल आजारी असेल, झोप झालेली नसेल, तर तारीख पुढे ढकला, संकोच करू नका.

भाषेबद्दल कळकळीने सांगते. घरी मराठी, शाळा इंग्रजी, अशी पुण्यातली असंख्य मुलं आहेत. त्यांची चाचणी फक्त इंग्रजीत घेतली तर शब्दांच्या भागात त्यांचे गुण हकनाक कमी येतात. मूल ज्या भाषेत भांडतं, त्या भाषेत चाचणी घ्यायला सांगा. मुळशी-वेल्ह्याकडून किंवा वस्तीतून आलेल्या मुलाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. अडखळत इंग्रजी बोलणारा म्हणून "सर्वसाधारण" ठरलेली किती तल्लख मुलं आपण हातची घालवतो!

बोटांच्या ठशांवरून बुद्धी कळते का? आणि मिडब्रेन ॲक्टिव्हेशन?

नाही. दोन्हींना शास्त्रीय आधार नाही. बोटांच्या ठशांच्या चाचणीबद्दल भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हेच जाहीरपणे म्हटलं आहे. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या वर्गांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून बघत असतात. मुलाला त्यातून मिळते ती खोटं बोलण्याची शिकवणी, आणि तीही आईवडिलांसमोर टाळ्या घेत. पैसे घालवू नका.

मग बुद्धी वाढवता येते की नाही?

ठोस पुरावा आहे तो शाळेचा. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यांकात एक ते पाच गुणांची वाढ दिसते. गरोदरपणात आणि बालपणात आयोडीन पुरेसं मिळणं फार महत्त्वाचं, म्हणून आयोडीनयुक्त मीठ. शिसं शरीरात गेलं की मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. जुने रंग आणि भेसळीची, शिशाचा रंग घातलेली हळद यांपासून जपा. पुरेशी झोप हवीच.

अबॅकसने अबॅकसचं गणित सुधारतं. मेंदूच्या खेळांच्या ॲपने त्या ॲपमधला खेळ सुधारतो. मोत्सार्टचं संगीत ऐकून बाळ हुशार होतं हा समज १९९३ च्या एका प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग बाळांवर झालेलाच नव्हता, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम काही मिनिटांचा होता. संगीत जरूर ऐकवा, ते गोड आहे म्हणून.

बुद्धी आईकडूनच येते हे खरं का?

नाही. दोघांकडून येते, हजारो जनुकांच्या बारीक बारीक वाट्याने, आणि त्यात परिस्थितीची भर असते.

हुशार माणसं एकटी, दुःखी, विक्षिप्त असतात का?

हा समज फार खोल रुजला आहे आणि त्याने नुकसान होतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे दीड हजार प्रज्ञावान मुलांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचं काम सुरू केलं. ती मुलं सरासरीने निरोगी, रुळलेली, संसारात-कामात बरी निघाली. अमेरिकी मेन्साच्या सभासदांच्या एका पाहणीत चिंता आणि नैराश्य जास्त आढळलं, याची २०१८ साली खूप चर्चा झाली. पण ती स्वतःहून उत्तरं देणाऱ्यांची पाहणी होती. नंतर ब्रिटनमधल्या प्रचंड मोठ्या माहितीसाठ्यावर केलेल्या अभ्यासात असं जास्तीचं प्रमाण सापडलं नाही.

एकटेपणाचा खरा प्रश्न अगदी टोकाच्या मुलांना येतो. दुसरीतल्या मुलाला कृष्णविवरांबद्दल बोलायचं असतं आणि बरोबरीच्यांना त्यात रस नसतो. त्याला चार मोठी मुलं, एखादे आजोबा, एखादा ग्रंथपाल, कुणीतरी मिळवून द्या. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, विज्ञान प्रदर्शनं, टेकडीवर पक्षी बघायला जाणारे गट, पुण्यात याची चणचण नाही. ज्ञानप्रबोधिनी १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी सुरू केली आणि १९६९ पासून तिची प्रशाला प्रज्ञावान मुलांसाठी चालते. तिथे पाचवीला प्रवेश मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आभाळ कोसळत नाही. टर्मन यांच्या चाचणीत दोन मुलं निवडीत बसली नव्हती, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे दोन्ही दाखले मी नकाराचं पत्र हातात घेऊन आलेल्या प्रत्येक पालकाला सांगते.

मुलगा बोलायला लागला की थक्क व्हायला होतं, पण लिहायला बसला की शुद्धलेखनाचा बोजवारा. हुशार कसा म्हणायचा?

असू शकतो, अगदी नक्की. वाचन-लेखनाची अक्षमता आणि उच्च बुद्धी एकाच मुलात नांदू शकतात. जोडाक्षरं सुटतात, मात्रा-वेलांट्या इकडेतिकडे होतात, फळ्यावरचं उतरवताना ओळ हरवते, पण तोंडी विचाराल तर उत्तर वरच्या इयत्तेचं. बुद्धी अडचण झाकते आणि अडचण बुद्धी झाकते, म्हणून अशी मुलं सातवी-आठवीपर्यंत "आळशी" या शिक्क्याखाली निघतात. वेळेत तपासणी करून घ्या. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्या मागण्यात कमीपणा नाही, तो मुलाचा हक्क आहे.

बुद्धिमान माणसं फसत नाहीत ना?

फसतात. ऑनलाइन शेअर व्यवहाराच्या, "डिजिटल अटके"च्या बातम्या वाचा: निवृत्त अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर. मानसशास्त्रज्ञ किथ स्टॅनोविच यांच्या कामातला एक निष्कर्ष प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. आपल्याला आधीच पटलेल्या बाजूचे पुरावे तेवढे वेचण्याची खोड बुद्ध्यांक जास्त असल्याने कमी होत नाही. हुशार माणसाला आपल्या चुकीच्या मताचं समर्थनही जास्त चांगलं करता येतं. "मी चुकत असेन का?" हे विचारायची सवय वेगळी लावून घ्यावी लागते, आणि ती घरात मोठ्यांनी मुलांसमोर चूक कबूल केल्याने लागते.

आइन्स्टाइनचा बुद्ध्यांक १६० होता ना?

त्यांनी अशी चाचणी दिल्याची कुठेही नोंद नाही. आकडा नंतर कुणीतरी चिकटवला.

मी पन्नाशी ओलांडली आहे. आता डोकं मंदावलं का?

एका बाजूने थोडं, दुसऱ्या बाजूने उलट. अगदी नवी कोडी झटपट सोडवण्याचा वेग विशी-तिशीनंतर हळूहळू उतरतो. शब्दसंग्रह, साठवलेलं ज्ञान, अनुभवातून निवाडा करण्याची ताकद साठीपर्यंत टिकते किंवा वाढते. नवीन नाव आठवायला वेळ लागला म्हणून खचू नका. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, जपानी, रशियन शिकवतात. वर्गात विशीतल्या मुलांशेजारी बसायची लाज वाटू देऊ नका. रोज पाठांतराला त्यांच्यापेक्षा अर्धा तास जास्त द्या आणि परीक्षेला बसा.